‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणजे प्रोग्रॅम बंद पडला असे नव्हे!

हजारो नोंदींची फाइल उघडून हिशेबनीस ‘सेव्ह’ दाबतो. खिडकी पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी झळकते. वैतागून तो प्रोग्रॅमच बंद करतो आणि सकाळपासूनचे काम जाते. प्रत्यक्षात अनेकदा प्रोग्रॅम बंद पडलेलाच नसतो.

माऊसचा क्लिक, दाबलेली कळ हे सगळे संगणकाच्या भाषेत ‘इव्हेंट’. विंडोज ते त्या-त्या प्रोग्रॅमच्या रांगेत लावते. प्रोग्रॅम रांगेतला एक संदेश उचलतो, त्याचे काम संपवतो, मगच पुढच्याकडे वळतो. बँकेत एकच काउंटर असावे, तसे. खिडकीतले चित्र नव्याने रंगवणे हेही त्याच काउंटरवरचे काम. म्हणून ‘सेव्ह’ला वेळ लागला की पडदाही गोठतो.

प्रोग्रॅमने ५ सेकंद रांगेकडे पाहिलेच नाही, तर विंडोज तो प्रतिसाद देत नसल्याचे ठरवते आणि त्याच्या जागी हुबेहूब ‘घोस्ट विंडो’ उभी करते. ती हलवता येते, लहान-मोठी किंवा बंद करता येते, एवढेच. आत खरेच काम चालू आहे की प्रोग्रॅम कायमचा अडकला आहे, हे या पाटीवरून समजत नाही.

पाटी येण्याआधी केलेले क्लिक मात्र रांगेत थांबलेले असतात. ‘प्रिंट’ चारदा दाबले असेल, तर प्रोग्रॅम मोकळा होताच चार प्रती निघू शकतात!

विंडोज ३.१ मध्ये तर सर्व प्रोग्रॅमची मिळून एकच रांग होती. एक अडला की सगळेच अडत. १९९५ च्या विंडोज ९५ ने ३२-बिट प्रोग्रॅमना स्वतंत्र रांगा दिल्या.

खरा दोष बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा. लांबणारे काम वेगळ्या ‘थ्रेड’वर सोपवावे, तोवर बटण निष्क्रिय ठेवावे आणि ‘रद्द करा’ची सोय द्यावी, ही पद्धत जुनीच आहे. पण थ्रेडवरचा निकाल पुन्हा मुख्य रांगेतूनच पडद्यावर आणावा लागतो. ते जिकिरीचे, म्हणून घाईत टाळले जाते.

वापरणाऱ्याने अशा वेळी क्लिक थांबवावेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्या प्रोग्रॅमपुढचे डिस्कचे आकडे हलत असतील, तर काम सुरू असण्याची शक्यता मोठी. चहा घेऊन यावे. बराच वेळ सगळे आकडे शून्यावर असतील, तरच ‘एंड टास्क’.