चिमुकला नाइट
मध्ययुगातील युरोपात घोडेस्वार योद्ध्याला 'नाइट' म्हणत. त्याचा ५४ मिलिमीटर उंचीचा धातूचा पुतळा कसा रंगवतात, ते पाहू या.

समजा, पुतळा १२ व्या शतकाच्या उत्तरार्धातील टेम्पलर नाइटचा आहे. प्रथम तो कानशीने घासतात, धुतात व त्याला अस्तराचा रंग देतात. कड्यांच्या चिलखताला काळा रंग देतात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग हलकेच फिरवतात. त्यामुळे कड्या चमकतात आणि खाचा काळ्याच राहतात. पांढऱ्या अंगरख्याच्या चुण्यांत फिकट करडा रंग भरतात. कारण एवढ्या लहान पुतळ्यावर सावली पुरेशी दिसत नाही, ती रंगवावी लागते. शेवटी लाल क्रूस काढतात. तोच क्रूस काळा काढला, तर तो ट्यूटॉनिक नाइट ठरेल! म्हणून ब्रश उचलण्यापूर्वी इतिहासाचे पुस्तक उघडावे.