विनिपेगचे तळे आणि शेतातले स्फुरद



गेल्या महिन्यातील गट बैठकीत एका सभासदांनी आम्हाला मोबाईलवरचा एक फोटो दाखविला. त्यांचे चिरंजीव कॅनडातील विनिपेग शहरी नोकरीला आहेत. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन ते सरोवरावर पोहायला गेले, तर काठाचे पाणी रंग कालवल्यासारखे हिरवेगार आणि शेजारी शेवाळापासून सावध राहण्याची पाटी! सभासद म्हणाले, "साहेब, तिथं माणसं थोडी, जागा मोप. मग एवढ्या मोठ्या तळ्याचं पाणी नासलं कसं?" आम्ही म्हणालो, "तात्या, उत्तर जरा लांब आहे आणि त्यातलं बरंचसं खताच्या पोत्यात आहे. अंकात लिहितो." म्हणून हा लेख.

तळे केवढे, कसे?

कॅनडाच्या मध्यावर मॅनिटोबा नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेला व पश्चिमेला प्रेअरी नावाचे सपाट माळरान पसरलेले आहे. एकेकाळी तेथे नुसते गवत होते, आज गहू, सोयाबीन, तेलबिया पिकतात. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून या भागात अ‍ॅगसी नावाचा प्रचंड जलाशय झाला होता. हजारो वर्षांपूर्वी तो ओसरला आणि सखल भागात जे पाणी उरले त्यातलेच एक विनिपेग सरोवर. तिथल्या मूळच्या क्री लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'गढूळ पाणी' असा आहे.

सरोवराचे क्षेत्र सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर. आपले सोलापूर आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जवळजवळ तेवढे होतील. उत्तर-दक्षिण लांबी चारशे किलोमीटरांच्या वर. आणि सरासरी खोली? फक्त १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट. आपल्याकडच्या जुन्या मोटेच्या विहिरीएवढी! मध्ये एक चिंचोळी खिंड असून तिच्यामुळे सरोवराचे दोन भाग पडले आहेत. उत्तरेचा मोठा, दक्षिणेचा लहान. दक्षिणेचा भाग तर सरासरी ९ मीटरच खोल आहे.

तीन मोठ्या नद्या त्यात येतात. पूर्वेकडून खडकाळ जंगलातून विनिपेग नदी, पश्चिमेकडून सॅस्कॅचेवान आणि दक्षिणेकडून अमेरिकेतून वाहत येणारी रेड नदी. सगळे पाणी उत्तरेला नेल्सन नदीवाटे हडसनच्या उपसागरात जाते. त्या नदीवर वीजनिर्मिती होत असल्यामुळे १९७६ पासून सरोवराची पातळीही नियंत्रित केली जाते.

उथळपणाचा फायदा आणि तोटा

दक्षिण भाग उथळ असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी लवकर तापते. काठची वाळू हळूहळू उतरत जाते, त्यामुळे लहान पोरेही लांबवर चालत जाऊ शकतात. विनिपेग शहरापासून हे किनारे तासा-दीड तासाच्या रस्त्यावर आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे कंपन्यांनीच पश्चिम काठावर विनिपेग बीच आणि पूर्व काठावर ग्रँड बीच ही ठिकाणे वसविली आणि सुट्टीसाठी गाड्या सोडल्या. ग्रँड बीचला सुमारे तीन किलोमीटर पांढरी वाळू आहे आणि मागे वाळूच्या उंच टेकड्या आहेत. गिमली गावी १८७५ साली आइसलँडहून आलेले लोक वसले. त्यांचा उत्सव तेथे १९३२ पासून दरवर्षी ऑगस्टमध्ये भरतो. शिडाच्या नावा, मासेमारी, तंबू ठोकून राहणे हे चालूच असते. हिवाळ्यात सरोवर गोठते. मग लोक बर्फावर गाड्या नेतात, खोपटे उभे करतात, गिरमिटाने भोक पाडतात आणि गळ सोडून बसतात. पिकरेल नावाचा मासा त्यासाठी प्रसिद्ध आहे. धंदा म्हणून मासेमारी करणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत.

पण उथळ पाणी खोडकर असते. परातीत पाणी घेऊन चालताना ते कसे एका कडेला चढते? तसेच येथे होते. उत्तरेचा जोराचा वारा सुटला की पाणी ढकलले जाऊन दक्षिण टोकाला एक मीटर वा अधिक चढते. ऑक्टोबर २०१० च्या वादळात काठावरच्या घरांना असाच तडाखा बसला. लाटाही आखूड आणि उभ्या उठतात, त्यामुळे लहान होडीवाल्याने वारा पाहूनच निघावे लागते.

पाणी हिरवे का झाले?

आता तात्यांचा प्रश्न. या सरोवराचे पाणलोट क्षेत्र जवळजवळ दहा लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. कॅनडाचे चार प्रांत व अमेरिकेची चार राज्ये त्यात येतात. हिशेब असा की, एक एकर पाण्याच्या वाट्याला सुमारे चाळीस एकर जमीन. त्या जमिनीवर जे पडेल, त्यातले जे वाहून जाईल, ते येथे येऊन थांबणार.

सगळ्यात जास्त त्रास रेड नदीचा. ती पाणी आणते थोडे, पण सरोवरात येणाऱ्या स्फुरदापैकी निम्म्याहून अधिक तिच्यातून येते. तिचे खोरे म्हणजे अ‍ॅगसीचा जुना तळ, फरशीसारखा सपाट, काळ्या चिकण मातीचा. वसंतात बर्फ वितळते तेव्हा खालची जमीन गोठलेलीच असते. पाणी मुरत नाही, वरच्यावर वाहते आणि खत, शेणखत, पालापाचोळा यांतले स्फुरद विरघळवून नेते. पाणथळ जागा बुजवून चर काढल्यामुळे ते आणखी वेगाने निघते. शहरांच्या सांडपाण्याची भर आहेच.

स्फुरदच कशावरून? कॅनडातच, शेजारच्या ओंटारियो प्रांतात, डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञांनी १९७३ साली एका लहान तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे नत्र आणि कर्ब घातले, एकीकडे स्फुरदही घातले. स्फुरदाचा भाग हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती हवेतला नत्र स्वतःच घेतात, हे भातकरी सभासदांना माहीत आहे. त्यांना अडवणारी दोरी म्हणजे स्फुरद. या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. अंगाला खाज सुटते, पाणी प्यालेले जनावर दगावू शकते. शेवाळ मरून कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासळीवर संकट येते. २०१३ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने विनिपेगला त्या वर्षीचे 'धोक्यातील सरोवर' ठरविले. मॅनिटोबाने आता १० नोव्हेंबर ते १० एप्रिल या काळात शेतात शेणखत पसरण्यास मनाई केली आहे.

आपला काय संबंध?

सभासदांना ऐकून नवल वाटेल की याच रेड नदीच्या खोऱ्यात साखर बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी १९७३ साली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी विकत घेऊन आपली सहकारी संस्था केली. म्हणजे तिकडेही आपल्यासारखेच साखर पिकविणारे भागधारक आहेत आणि त्यांच्या बांधावरून निघालेले पाणी शेवटी जाते ते पोरे पोहतात त्या किनाऱ्याला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण वळवाचा पाऊस आहे. स्फुरद मातीच्या कणाला धरून राहते. माती गेली की तेही गेले. म्हणून आमचे सांगणे एवढेच: माती परीक्षण केल्याशिवाय स्फुरदाची मात्रा ठरवू नये. खत सरीत देऊन मातीआड करावे, वर फेकू नये. दुसरा हप्ता मोठ्या बांधणीच्या वेळी द्यावा. आभाळ भरून आले असता खत टाकू नये. पाचट जाळू नये, सरीत ठेवावे. बांध फुटला असेल तर पेरणीआधी धरावा.

वाहून गेलेल्या खताचे पैसे आपण मोजलेले असतात आणि ते पोसते ते ओढ्यातले शेवाळ. तात्या, तुमच्या चिरंजीवांना कळवा, फोटोचा उपयोग झाला.

— ऊस विकास अधिकारी