चाळीस पानं, सोळा भाज्या आणि एक तवा

घरच्या मोठ्या जेवणाची तयारी तारखेपासून सुरू होते, आणि वाशीम जिल्ह्यात महालक्ष्म्यांच्या जेवणाची तारीखच दरवर्षी हुलकावणी देते. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्या ज्येष्ठा-कनिष्ठा विदर्भात महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. गणपती बसतो तिथीने, महालक्ष्म्या नक्षत्राने; म्हणून दोघांतलं अंतर ठरलेलं नसतं. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आणि महालक्ष्म्यांचं जेवण २२ ला होतं. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला, जेवण ११ ला. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि जेवण थेट १ सप्टेंबरला. अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा यजमान या बाबतीत सुखी. त्याचा दिवस १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी बांधून टाकला आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या रिसोडच्या किंवा मंगरूळपीरच्या पोराला मात्र आधी पंचांग पाहावं लागतं, मग ट्रॅव्हल्सचं तिकीट आणि मग साहेबाचा चेहरा.

तारीख कळली की एक मोठा प्रश्न आपोआप सुटतो. काय करायचं, हे ठरवावंच लागत नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, ज्वारीची आंबील, कढी, सोळा भाज्या, डाळीचे वडे, भजी, कोशिंबीर, पंचामृत, वरणभात, खीर. घराघरांत एखाद-दुसरा पदार्थ इकडेतिकडे होतो, पण नवं काही सुचवणाऱ्याकडे स्वयंपाकघरात कुणी लक्ष देत नाही. त्यामुळे सगळी अक्कल खर्च होते ती किती, कधी आणि कुणी या तीन गोष्टींवर.

सोळा भाज्या ऐकून नवखा माणूस घाबरतो. पण बऱ्याच घरी सोळा प्रकार मिळून भाजी एकच असते. सोळाचा आकडा या पूजेत ठिकठिकाणी भेटतो. दोऱ्याला गाठी सोळा, आरतीला पुरणाचे दिवेही सोळा. भाद्रपदात तो गाठणं अवघड नाही. दोडका, गिलकं, पडवळ, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, लाल कोहळं, वांगं, काकडी, अंबाडी, मक्याचं कणीस असं करत यादी भरते. कारल्याची एखादीच फोड पडते, नावापुरती. खरं काम चिरण्याचं, आणि ते आदल्या रात्री गप्पांच्या नादात उरकतं. आलेल्या महालक्ष्म्यांना पालेभाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवून झाला की विळ्या आणि चाकू निघतात.

याच दिवसांत वाशीमच्या शिवारात नजर जाईल तिकडे सोयाबीन असतं. महालक्ष्म्यांचं पान मात्र अजून ज्वारी, हरभरा आणि परसातल्या वेलींचं आहे. म्हणजे सोयाबीन येण्याआधीच्या शेतीचं. ज्यांच्या शेतात आता ज्वारीचं ताट दिसत नाही, तेही आंबिलीसाठी ज्वारी विकत आणतात. सोयाबीन पानावर येतं ते वडे तळलेल्या तेलातून.

आता हिशेब. समजा, चाळीस पानं उठवायची आहेत. एक किलो हरभऱ्याच्या डाळीला तेवढाच गूळ, किंवा गूळ-साखर मिळून तेवढं, असं विदर्भातलं सढळ प्रमाण धरलं आणि पोळीत शंभर ग्रॅमचा गोळा भरला, तर किलोला पंचवीसच्या आसपास पोळ्या होतात. आग्रह धरून माणशी पावणेदोन पोळ्या धरल्या, तर सत्तर लागतील. म्हणजे तीन किलो डाळ. एका पोळीला तव्यावर दोन-अडीच मिनिटं दिली, तर पाऊणशे पोळ्यांना एकाच तव्यावर सुमारे तीन तास जातात. एवढा वेळ दुसऱ्या कुठल्याच पदार्थाला लागत नाही. म्हणून अनुभवी घरात सगळ्यात आधी शेजारून दुसरा तवा आणि शेगडी मागवली जाते. किराण्याची यादी त्यानंतर.

बाकीचा क्रम तव्याभोवती बसवायचा. आंबील गार चालते. पीठ रात्रीच भिजवून ठेवायचं आणि सकाळी पहिल्यांदा तीच उरकायची. मग डाळ. शिजल्यावर निथळलेलं पाणी म्हणजे कट. तो मोरीत गेला तर आमटीही गेली. डाळ गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावी, निवली की हात भरून येतात. पुरणात झारा उभा राहिला की आच बंद. भाजी आणि कढी मधल्या वेळात. वडे-भजी मात्र पानं मांडायला घेतली की मगच कढईत सोडायची, आणि भात दोन वेळा लावायचा. दमट हवेत सकाळचा भात संध्याकाळपर्यंत झाकून ठेवणं धोक्याचं असतं.

या दिवशी माळ्यावरची पितळी भांडीही खाली येतात. भलामोठा गंज चाळीस माणसांच्या कढीला सोयीचा, पण आतली कल्हई आधी पाहावी. कल्हई उडालेल्या पितळेत ताकाचं आंबट उतरलं की तांबं सुटतं आणि कढी कळकते. गावात कल्हईवाला फिरकत नसेल, तर कढीपुरतं स्टीलचं पातेलं बरं. लक्ष्म्या त्यावरून रुसत नाहीत.

पंगतीचं गणितही जागेवर ठरतं. बैठकीत दहा पानं मावत असतील, तर चाळीस माणसांच्या चार पंगती. एकेक पंगत अर्धा-पाऊण तासाची. म्हणून सगळ्यांना सातला बोलावणं हा यजमानाने पाहुण्यांवर केलेला अन्याय आहे. नैवेद्य आणि आरतीनंतर सवाष्णी आणि पोरंसोरं, मग लांबच्या गावी परतणारे, मग गल्लीतले, असं वेळा देऊन आवतण दिलं की दारात चपलांचा ढीग आणि आत ताटकळणारी माणसं, दोन्ही टळतं. वाढप्यांनी एकेक पदार्थ वाटून घ्यावा. डावीकडची मीठ-लिंबू-कोशिंबीर एकाकडे, उजवीकडची भाजी दुसऱ्याकडे, आणि तुपाची वाटी अशा माणसाकडे, ज्याचा हात आखडत नाही.

एक रीत मात्र खटकते. पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या बायका चौथ्या पंगतीनंतर बसतात; तोवर वडे गार, भूक मेलेली आणि पोळ्या मोजक्या. देवीच्या नावाने बाहेरच्या सवाष्णींचे पाय धुवायचे आणि घरच्या सवाष्णींना रात्री दहाला जेवू घालायचं, हे पटत नाही. काही घरांनी तोडगा काढला आहे: पोळ्या लाटायला आचारीणबाई बोलवायची, दुसऱ्या पंगतीपासून वाढणं पुरुषांनी घ्यायचं आणि स्वयंपाक केलेल्यांची पानं त्याच पंगतीत मांडायची. सोवळं पाळणाऱ्या घरांतही हे जमतं, कारण नैवेद्य तोपर्यंत दाखवून झालेला असतो. आडकाठी येते ती पुरुषांकडूनच. कढी वाढताना डाव किती भरायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. दहा पानं वाढली की तेही येतं.