श्रीलंकेत डेंग्यू आधीपासून होता, मग १९८९ मध्ये तो इतका गंभीर का झाला?

घरात कुणाला डेंग्यू झाला की पहिला प्रश्न येतो, "प्लेटलेट्स किती?" "टाइप कोणता?" असं सहसा कुणी विचारत नाही. पण साथ किती मोठी आणि किती गंभीर होणार, हे बऱ्याचदा या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. शेजारच्या श्रीलंकेत हे दोनदा दिसलं.

१९८९ मध्ये काय घडलं?

श्रीलंकेत १९६० च्या दशकापासून डेंग्यू आहे. व्हायरसचे चारही टाइप (१, २, ३ आणि ४) तिथे होते, तो पसरवणारे एडिस डासही होते. तरीही रक्तस्राव होणारा गंभीर डेंग्यू क्वचितच दिसायचा. १९८९ मध्ये मात्र गंभीर डेंग्यूची साथ आली आणि त्यानंतर हा आजार तिथे कायमचाच मुक्कामाला राहिला.

डास तेच, टाइपही तेच. मग बदललं काय?

व्हायरसचाही वंशवृक्ष असतो

डेंग्यूच्या व्हायरसची सगळी माहिती आरएनएच्या सुमारे १०,७०० 'अक्षरां'मध्ये लिहिलेली असते. व्हायरस स्वतःची नक्कल करताना यात चुका होतात आणि त्या पुढच्या पिढीत उतरतात. रुग्णांच्या नमुन्यांमधली ही अक्षरं वाचून, म्हणजेच सिक्वेन्सिंग करून, कुणाच्या चुका कुणाशी जुळतात हे पाहिलं की व्हायरसचा वंशवृक्ष तयार होतो. कोणती शाखा कुठून आली आणि कधी पसरली, हे त्यावरून कळतं. या शास्त्राला रेणवीय साथरोगशास्त्र म्हणतात.

संशोधकांनी श्रीलंकेतले १९८९ पूर्वीचे आणि नंतरचे टाइप ३ चे नमुने असेच ताडून पाहिले. दोन्ही एकाच घराण्यातले, पण वेगवेगळ्या शाखांचे निघाले. म्हणजे नाव 'टाइप ३' हेच राहिलं, पण आतली शाखा बदलली होती. हे घराणं भारतीय उपखंडातून पूर्व आफ्रिकेत गेलं आणि १९९४ मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि पनामापर्यंत पोहोचलं, असंही या वंशवृक्षातून दिसलं.

नवी शाखा आणि गंभीर साथ एकाच काळात आली, एवढं यातून कळतं. पण फक्त शाखा बदलल्यामुळेच आजार गंभीर झाला, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

२०१७ चा तडाखा

२००९ नंतर श्रीलंकेत टाइप १ चं वर्चस्व होतं. टाइप २ फारसा सापडत नव्हता, त्यामुळे लहान मुलं आणि तरुणांमध्ये त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी होती. मग टाइप २ जोरात परतला. २०१६ मध्ये सुमारे ५५ हजार संशयित रुग्ण होते. २०१७ मध्ये हा आकडा १,८६,१०१ वर गेला आणि ४४० जणांचा मृत्यू झाला. मुसळधार पाऊस, पूर आणि शहरांतला साचलेला कचरा यांनीही डासांना साथ दिली.

दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू धोकादायक का?

एका टाइपचा डेंग्यू होऊन गेला की त्या टाइपपासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. बाकीच्या तीन टाइपपासून मिळणारं संरक्षण काही महिन्यांतच ओसरतं. पुढे दुसऱ्या टाइपची लागण झाली, तर जुन्या अँटीबॉडी व्हायरसला चिकटतात खऱ्या, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट पेशींमध्ये शिरायला त्याला मदतच करतात. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचाच आजार गंभीर होतो असं नाही, पण धोका वाढतो.

क्युबात १९७७ मध्ये टाइप १ ची मोठी पण सौम्य साथ आली होती. चार वर्षांनी, १९८१ मध्ये टाइप २ आला. तेव्हा दहा हजारांहून जास्त रुग्ण गंभीर झाले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला.

याचा आपल्याशी संबंध काय?

भारतातही चारही टाइप आहेत. लॅबमध्ये होणाऱ्या नेहमीच्या एनएस१ आणि आयजीएम चाचण्यांतून डेंग्यू आहे की नाही हे कळतं, टाइप कळत नाही. त्यासाठी आरटी-पीसीआर लागते आणि शाखा ओळखायला सिक्वेन्सिंग. उपचार टाइपनुसार बदलत नाहीत, त्यामुळे प्रत्येक रुग्णाला याची गरज नसते. पण थोडे नमुने नियमित तपासत राहिलं तर टाइप बदलतोय हे वेळेत लक्षात येतं. मग फवारणी, खाटा आणि डॉक्टरांची तयारी आधीच करता येते.

आपण काय लक्षात ठेवायचं?

पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताप उतरला म्हणजे धोका टळला असं समजू नका, कारण गंभीर लक्षणं बहुतेकदा तेव्हाच दिसू लागतात. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, खूप सुस्ती किंवा अस्वस्थता यापैकी काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा. आणि तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.