टिपण म्हणजे उतारा नव्हे

चौथी-पाचवीत ‘थोर व्यक्तीची माहिती आणा’ असा प्रकल्प मिळाला की घरोघरी प्रिंटर आणि डिंकाची बाटली शोधली जाते. पानं भरतात. मुलाला काय कळलं, हा प्रश्न बाजूलाच राहतो. डॉ. आनंदीबाई जोशींचंच उदाहरण घेऊ.

गैरसमज : महत्त्वाची वाक्यं उतरवली की टिपण झालं.
वस्तुस्थिती : उतरवताना डोकं चालवावंच लागत नाही. एक परिच्छेद वाचू द्या, पुस्तक मिटायला सांगा, मग आठवेल ते मोजक्या शब्दांत लिहू द्या : ‘१८८३. बोटीने अमेरिका. नवरा सोबत नाही. वैद्यकी.’ एवढं पुरे. नंतर पुस्तक उघडून सालं आणि नावं पडताळायची.

गैरसमज : महत्त्वाचं काय, हे लहान मुलांना कळत नाही.
वस्तुस्थिती : हातात प्रश्न असला तर कळतं. ‘आनंदीबाईंची माहिती’ हा प्रश्नच नव्हे. ‘त्यांना डॉक्टर का व्हावंसं वाटलं?’ हा प्रश्न. मग चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहा दिवसांत गेलेलं बाळ मुलांच्या नजरेतून सुटत नाही. एका प्रश्नाला एक कागद द्यावा.

गैरसमज : माहिती कुठून घेतली, हे मोठ्यांनी लिहायचं असतं.
वस्तुस्थिती : इथेच खरी गोम आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलं ते आनंदीबाईंचं चरित्र, श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी. २०१९चा चित्रपट आणखी वेगळा. त्यातला संवाद ‘आनंदीबाई म्हणाल्या’ म्हणून वहीत आला की घोटाळा झालाच. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे पुस्तकाचं नाव आणि पान हवं. जन्मगाव कुठे कल्याण दिलेलं असतं, कुठे पुणे. मुलाने दोन्ही लिहावीत, पुढे प्रश्नचिन्ह टाकावं. ‘कोल्हापूरच्या रुग्णालयात काम केलं’ असंही बेधडक लिहिलं जातं. नेमणूक झाली होती, हे खरं. पण १८८६मध्ये पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई क्षयाने खंगल्या होत्या. रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या गेल्या. ‘नेमणूक’ आणि ‘काम’ यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाला नक्की समजतो. विचारून पाहा.

गैरसमज : टिपणवही नीटनेटकी हवी.
वस्तुस्थिती : खाडाखोड, बाण, अर्धवट शब्द चालतात. सुवाच्य अक्षर शेवटच्या लेखासाठी राखावं.

शिक्षकांना एक विनंती : पुढच्या प्रकल्पात सजवलेल्या फाइलीबरोबर ही खाडाखोडीची पानंही मागवा, आणि गुण आधी त्यांना द्या.