कामिनी नावाची गायिका

2025च्या दिवाळीत ‘थामा’ आला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘छोरी २’ येऊन गेला आणि 2024च्या पंधरा ऑगस्टला ‘स्त्री २’ने काय धुमाकूळ घातला ते सगळ्यांना ठाऊक आहे. भुतांचे दिवस आलेत. चर्चा मात्र कोटींच्या आकड्यांपुढे सरकत नाही. या भयपटांतली बाई कधी रक्त पिते, कधी उलट्या पायांनी चालते, कधी कोपऱ्यात अंग चोरून किंचाळते. तिला नेमकं घडवलं कुणी, हा प्रश्न परीक्षणांमध्ये मला तरी फारसा दिसला नाही.

तो विचारलाय शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांनी. चित्रकला, ध्वनी, वेशभूषा, नृत्य आणि लेखन अशा वेगवेगळ्या वर्गांतली ही मुलंमुली भयपटांतल्या बायकांवर एकत्र काम करताहेत. नव्या शैक्षणिक धोरणापासून ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द प्रत्येक परिपत्रकात असतो, प्रत्यक्षात फार क्वचित दिसतो. इथे तो दिसला. वेशभूषेची विद्यार्थिनी पांढरी साडी चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घालत होती, कारण कोरा पांढरा रंग दिव्यांच्या प्रकाशात नुसता चकाकतो, सुतावरची एकही चुणी दिसत नाही. शेजारी ध्वनीचा विद्यार्थी वही घेऊन बसला होता. प्रत्येक जुन्या हिंदी भयपटापुढे रकाने आखलेले: पैंजण, दार, गाणं, किंकाळी. गाण्याचा रकाना सर्वांत भरलेला. आपल्याकडचं भूत घाबरवण्याआधी गातं, हे त्याला वहीनेच दाखवून दिलं.

या विषयाला हात घालणारं कुणीही आधी कॅरल क्लोव्हरकडे जातं. 1987 सालच्या निबंधात या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ‘फायनल गर्ल’ ही कल्पना मांडली: बाकी सगळे मारले गेल्यावर एकटी उरणारी आणि खुन्याला तोंड देणारी मुलगी. ‘हॅलोवीन’मधली (1978) जेमी ली कर्टिस हे तिचं ठळक उदाहरण. कल्पना मोलाची आहे. तरीही आपल्या मुलांनी ती जशीच्या तशी उचलावी, असं मला वाटत नाही. आपल्या भयकथेत जिवंत मुलगी शेवटपर्यंत उरण्यापेक्षा मेलेली बाई परत येण्याचं महत्त्व मोठं आहे. तिचं मूळ आपल्याच मातीत शोधायला हवं.

त्यासाठी एक जुना कागद फार कामाचा आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला 1909 मध्ये अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या, त्याने लोकसमजुतींची टिपणं जमवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती संपादित करून छापली. कोकणातली बरीचशी माहिती तिथल्या शाळामास्तरांनी लिहून दिलेली. त्यात भुतांची वर्गवारी आहे. सवाष्ण मेली तर जखीण, बाळंतपणात गेली तर हडळ, विधवा असेल तर लावसट. मेल्यावरही बाईची ओळख नवरा आणि बाळंतपण यांवरूनच ठरते. बाळंतिणीचा मृत्यू ही ज्या काळात घरोघरची गोष्ट होती, त्या काळाने या हडळी जन्माला घातल्या. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (2017) म्हणूनच इतका अंगावर येतो. उसाच्या फडात अडकलेली पूजा सावंतची नायिका गरोदर आहे आणि भोवती मारून टाकलेल्या लेकींचा इतिहास आहे. हिंदी ‘छोरी’ याच मराठी चित्रपटावरून निघाला, हे ‘छोरी २’ पाहणाऱ्या कितीजणांना माहीत आहे?

आता ‘महल’कडे येतो, कारण या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग मला तिथे सापडला. 1949 साल, बॉम्बे टॉकीज, कमाल अमरोहींचा पहिला चित्रपट, संगीत खेमचंद प्रकाशांचं. मधुबाला सोळा वर्षांची, लता मंगेशकर वीस. ओसाड हवेलीत रात्री एक बाई गाते आणि अशोककुमार तिच्यामागे खेचला जातो. ती कामिनी, गेल्या जन्मीची प्रेयसी, असं तो मानतो. प्रत्यक्षात ती माळ्याची मुलगी असते, तिचं नाव आशा. गाण्याची सुरुवात लांबून येत असल्यासारखी वाटावी म्हणून लताबाईंना मायक्रोफोनपासून दूर उभं केलं आणि गात गात हळूहळू जवळ यायला लावलं. आज हाच परिणाम बटण दाबून साधता येतो. तेव्हा तो एका तरुण मुलीच्या पावलांनी आणि श्वासावरच्या ताब्याने साधला. भय चालत जवळ येतंय, ही भावना हिंदी चित्रपटाला त्या चालण्याने दिली.

आणि रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं कामिनी! पार्श्वगायिकेचं नाव न छापता पात्राचं नाव छापण्याची तेव्हा पद्धतच होती. गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं, रेडिओकडे विचारणा सुरू झाली, तेव्हा कंपनीकडून नाव मागवून ते श्रोत्यांना सांगावं लागलं. पडद्यावर आशा कामिनी म्हणून वावरते आणि रेकॉर्डवर लता मंगेशकरही कामिनी होतात. जी बाई कधी नव्हतीच तिला नाव मिळालं, जी गायली तिला ते मिळालं नव्हतं. प्रकल्पातल्या ध्वनीच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण केंद्रस्थानी ठेवलंय आणि माझ्या मते तो अगदी योग्य जागी पोहोचलाय.

चित्रकलेच्या विद्यार्थिनीला तिची कामिनी अमेरिकेत सापडली. ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ (1954) या चित्रपटातला खवल्यांचा, कल्ल्यांचा जलराक्षस आजही खेळण्यांवर आणि टीशर्टांवर असतो. त्याची रचना मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीची. शुइनार्ड कलाशाळेत शिकलेली, डिस्नेमध्ये काम केलेली. युनिव्हर्सल स्टुडिओने तिला चित्रपटाच्या प्रचारासाठी दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं. राक्षस घडवणारी सुंदरी, अशी जाहिरातीची कल्पना. रंगभूषा विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर भडकला. श्रेय त्याला एकट्याला हवं होतं. जाहिरातीतला ‘घडवणारी’ हा शब्द बदलून राक्षसासोबत ‘राहणारी’ केला गेला. दौऱ्याहून परतल्यावर तिला तिथे रचनेचं काम मिळेनासं झालं. पुढे कित्येक दशकं ती जवळपास विस्मरणात गेली. मॅलरी ओमेरा या निर्मातीने तिचा माग काढत 2019 मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा ही हकिगत सर्वांपुढे आली. त्या एका क्रियापदाच्या बदलात बाईची सगळी मेहनत पुसली गेली, याचा राग मला आजही येतो.

माजी विद्यार्थ्यांनी केलेल्या चित्रपटाचंच उदाहरण घ्यायचं तर ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (1999) आहे. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात एकत्र शिकलेल्या दोघांनी तो दिग्दर्शित केला. जंगलात कॅमेरा बऱ्याच वेळा खुद्द नायिका हेदर डोनाह्यूच्या हातात होता. तिचं खरं नावच पात्राला दिलेलं. चित्रपटाने जगभरात सुमारे 25 कोटी डॉलर मिळवले. 2024 मध्ये तिला आणि दोन्ही सहकलाकारांना योग्य मोबदल्यासाठी जाहीर पत्र लिहावं लागलं. मधल्या काळात तिने स्वतःचं नावही बदललं होतं.

चित्र, आवाज, कापड, चाल यांचे विद्यार्थी एकत्र बसले म्हणूनच या गोष्टी एका टेबलावर आल्या. एकट्या चित्रपट-अभ्यासकाला मिलिसेंटची रेषा दिसली नसती आणि एकट्या चित्रकर्तीला लताबाईंची पावलं ऐकू आली नसती. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी मूल्यमापन अजून एकेकट्याचंच होतं. संयुक्त काम केलं तरी गुणपत्रिकेच्या सोयीसाठी ते तोडून दाखवावं लागतं.

कला महाविद्यालयांना एवढीच विनंती आहे: अशा कामाला एकत्रित गुण द्या आणि प्रदर्शनाच्या फलकावर साडी रंगवणाऱ्यापासून पैंजण ध्वनिमुद्रित करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं नाव त्याच्या कामासमोर छापा. आणि वाचकहो, घरी भयपट संपल्यावर पडदा श्रेयनामावली वगळण्याचा पर्याय दाखवेल, तो निवडू नका. नावं वाचा.