झाडपाल्याचे औषध आणि आपले पोट

गैरसमज : झाडपाल्याचे औषध आहे, गुण नाही आला तरी अपाय तर होणार नाही.

वस्तुस्थिती : ज्येष्ठमधाचा अनुभव वेगळे सांगतो. १९४६ मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्रण भरू लागले, पण काही जणांच्या अंगावर सूज आली. सूज आणणारे द्रव्य ग्लायसिरायझिन. कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारे मूत्रपिंडातले विकर ते रोखून धरते. मग शरीरात मीठपाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. ज्येष्ठमधापासूनच बनवलेले कार्बेनॉक्सोलोन पुढे ब्रिटनमध्ये अल्सरवर दिले जाई. त्यातही हाच त्रास होता. घसा बसल्यावर एखादी कांडी चघळणे निराळे. रक्तदाबाच्या माणसाने महिनोन्‌महिने चूर्ण घेणे मात्र धोक्याचे. शिवाय अनेक अल्सरांचे मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो आणि त्याला प्रतिजैविकेच लागतात.

गैरसमज : ‘पोट साफ’चे चूर्ण रोज घेतले तरी चालते.

अशा अनेक चूर्णांत सोनामुखी असते. तिच्यातली सेनोसाइड मोठ्या आतड्यापर्यंत जशीच्या तशी जातात. तिथले जिवाणू ती फोडतात, तेव्हा कुठे आतडे हलते. म्हणून रात्रीच्या चूर्णाचा परिणाम सकाळी दिसतो. औषध उत्तम, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीतले, पण चार दिवसांसाठी. अतिवापराने पोटॅशियम घटते. इसबगोलाचे काम निराळे : त्याचे फोलपट फक्त पाणी धरून मळ मऊ करते. ते रोज चालते, मात्र सोबत पेलाभर पाणी हवेच. कोरडे गिळले तर घशात अडकू शकते.

गैरसमज : हळद चांगली, मग हळदीचा अर्क त्याहून चांगला.

हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि तेही रक्तात फारसे उतरत नाही. मिऱ्यातले पायपरिन सोबत दिल्यास ते कैकपटीने शोषले जाते, असे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले. त्या आधारावर मिरीयुक्त कॅप्सूल विकल्या जातात, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजी-आमटीतल्या चिमूटभर हळदीला घाबरण्याचे कारण नाही.

शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर चूर्ण बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांना गोळ्यांची नावे सांगताना घरातल्या काढ्या-चूर्णांचीही सांगा.